ट्रॅव्हलरसाठी अंतराळयान: स्प्रेडशीटवर पहिले जहाज कसे उभारावे

ट्रॅव्हलर हा विज्ञानकथेच्या विश्वातला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, मार्क मिलर यांनी रचला आणि गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकन कंपनीने तो १९७७ मध्ये प्रकाशित केला. या खेळातले यान म्हणजे निव्वळ वाहन नव्हे. पात्रांचे घर तेच, रोजगार तोच आणि बहुतेक वेळा डोक्यावरचे कर्जही तेच. त्यामुळे यानात काय आहे, किती जागेत आहे आणि ते किती रुपयांना, म्हणजे या खेळाच्या भाषेत किती क्रेडिटना पडले, याचा हिशेब खेळाच्या अगदी गाभ्याशी आहे. पहिल्या नियमांत इंजिनांना अक्षरे दिलेली होती आणि त्यांचे आकार कोष्टकातून वाचावे लागत. १९७९ मध्ये हाय गार्ड ही पुरवणी आली आणि इंजिनांचे आकार यानाच्या आकारमानाच्या टक्केवारीत सांगितले जाऊ लागले. त्याच वर्षी ॲपल टू संगणकावर व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीटचा पहिला लोकप्रिय प्रोग्रॅम बाजारात आला. टक्केवारीत मांडलेले यानाचे नियम आणि आकडा बदलताच सगळी बेरीज नव्याने करून देणारे स्प्रेडशीट ही जोडी तेव्हापासून जमण्यासारखी होती, आणि आजही हे काम करण्याची मला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत हीच आहे.

तयार शीट शोधून उतरवून घेता येते, हे खरे. तरीही पहिले शीट स्वतःच करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते करताना प्रत्येक नियम हातावेगळा करावा लागतो आणि यानाचा कुठला भाग कुठल्या भागावर अवलंबून आहे ते पक्के डोक्यात बसते. पुढील आकडे मंगूज पब्लिशिंगच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनुसार आहेत. तुमच्या गटात याहून वेगळी आवृत्ती चालत असेल तर आकडे बदलतील, पण शीटची रचना बहुतांशी हीच राहील. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. या लेखात सूत्रे देवनागरीत लिहिली आहेत, पण शीटमध्ये स्तंभांची अक्षरे आणि मॅक्स, राउंडअप यांसारखी फंक्शनची नावे रोमन लिपीतच टाइप करावी लागतात. आकडेही इंग्रजी अंकांतच भरावेत, कारण देवनागरी अंकांना प्रोग्रॅम साधा मजकूर समजण्याची शक्यता असते आणि मग बेरजेत तो आकडा धरलाच जात नाही. ओळींची नावे मात्र खुशाल मराठीत द्यावीत.

टन म्हणजे जागा

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. ट्रॅव्हलरमधला टन हे वजन नसून घनफळ आहे. एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर जागा म्हणजे एक टन. २०० टनी यान म्हणजे २०० टन जागेचे यान, आणि त्या जागेत इंजिने, इंधन, खोल्या, माल असे सगळे बसवायचे असते. ४ टनांची एक स्टेटरूम (राहण्याची खोली) ३ मीटर उंचीची धरली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस फूट भरते आणि त्यातच बाहेरच्या बोळाचा वाटाही येतो. हे एकदा लक्षात आले की आकडे कोरडे राहत नाहीत.

यावरून शीटचा मुख्य नियम ठरतो. मालाची जागा कधीही हाताने भरू नये. एकूण टनांमधून बाकी सर्व भागांची जागा वजा केल्यावर जे उरेल तीच मालाची जागा. ती ऋण आली तर यान अशक्य आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आधी मांडणी, मग सूत्रे

प्रत्येक भागाचे तीन आकडे असतात: त्याला लागणारी जागा, त्याला लागणारी वीज आणि त्याची किंमत. साहजिकच मनात येते की टन, वीज आणि किंमत असे तीन स्तंभ करावेत. एका यानापुरते ते ठीक आहे, पण दुसऱ्या यानाशी तुलना करायची वेळ आली की ही मांडणी अडचणीची ठरते. म्हणून माझी शिफारस अशी की एका यानाला एकच स्तंभ द्यावा आणि तिन्ही हिशेब एकाखाली एक उभे मांडावेत: सर्वांत वर निवडी, त्याखाली जागेचा गट, त्याखाली विजेचा, त्याखाली किमतीचा. ए स्तंभात ओळींची नावे येतील, बी मध्ये पहिले यान, आणि बी स्तंभ जसाच्या तसा सी व डी मध्ये चिकटवला की आणखी दोन आराखडे शेजारी उभे राहतील.

निवडींच्या ओळी अशा घेऊ: बी२ मध्ये यानाचे एकूण टन, बी३ मध्ये जंपचा आकडा (ताऱ्यांदरम्यानच्या एका उडीत यान किती पार्सेक जाते तो; पार्सेक हे ताऱ्यांमधले अंतर मोजण्याचे एकक), बी४ मध्ये थ्रस्ट (साध्या इंजिनाचा जोर), बी५ मध्ये स्टेटरूमची संख्या, बी६ मध्ये लो बर्थची (प्रवाशांना गोठवून झोपवण्याच्या कप्प्यांची) संख्या आणि बी७ मध्ये फ्युएल प्रोसेसरचे (इंधन शुद्ध करणाऱ्या यंत्राचे) टन. या सेलना फिकट पिवळा रंग द्यावा आणि हाताने आकडा फक्त पिवळ्या सेलमध्येच भरायचा, हा दंडक पाळावा.

नियमांतले आकडे, म्हणजे टक्केवारी, दर आणि किमान मर्यादा, 'नियम' नावाच्या वेगळ्या पानावर ठेवावेत आणि सूत्रांत त्या पानाचे सेल डॉलरचे चिन्ह लावून वापरावेत. डॉलर लावलेला पत्ता स्तंभ चिकटवताना सरकत नाही. बी२ चे सी२ व्हायला हवे, पण दराचा सेल जागचा हलता कामा नये. याचा दुसरा लाभ असा की आवृत्ती बदलली किंवा रेफरीने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, आपल्या टेबलापुरता एखादा नियम बदलला तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करून भागते. खालच्या सूत्रांत वाचायला सोपे जावे म्हणून आकडे थेट लिहिले आहेत. शीटमध्ये त्यांच्या जागी नियमांच्या पानावरचे पत्ते घालावेत.

सांगाडा आणि इंजिने

उदाहरणासाठी २०० टनांचे मालवाहू यान घेऊ आणि कोकण किनाऱ्यावर माल वाहणाऱ्या होडीवरून त्याचे नाव 'मचवा' ठेवू. जंप २, थ्रस्ट १, स्टेटरूम १०, लो बर्थ १०, फ्युएल प्रोसेसर २ टन.

सांगाड्याची किंमत टनाला ५० हजार क्रेडिट असते. वातावरणात उतरता यावे म्हणून निमुळता, म्हणजे स्ट्रीमलाइन्ड सांगाडा घेतला तर त्यावर २० टक्के वाढतात. मचव्याचा सांगाडा त्यामुळे १ कोटी २० लाखांना पडतो. नियमपुस्तकात किमती दशलक्षांत दिलेल्या असतात. शीटमध्येही दशलक्षच ठेवावेत आणि लाख-कोटी वाचायचे असतील तर त्यासाठी शेवटी वेगळी ओळ करावी. दोन्ही एकके एकाच बेरजेत मिसळली तर चूक सापडता सापडत नाही.

मॅन्युव्हर ड्राइव्ह, म्हणजे जंपखेरीजच्या हालचालीचे इंजिन, दर थ्रस्टला यानाच्या १ टक्का जागा घेतो आणि त्याची किंमत टनाला २ दशलक्ष असते. मचव्यासाठी २ टन आणि ४ दशलक्ष. इथे काही अवघड नाही.

जंप ड्राइव्हकडे मात्र नीट पाहावे. त्याची जागा म्हणजे यानाच्या अडीच टक्के गुणिले जंपचा आकडा, अधिक ५ टन, आणि तो कधीही १० टनांहून लहान असत नाही. सूत्र असे होते:

=मॅक्स(१०, बी२*०.०२५*बी३+५)

मचव्यासाठी उत्तर १५ टन येते आणि टनाला दीड दशलक्ष या दराने किंमत २२.५ दशलक्ष होते. आता बी२ मध्ये १०० घालून जंप १ आणि जंप २ असे दोन्ही करून पाहावे. दोन्ही वेळा १० टनच येतात, कारण जंप १ ला साडेसात टन पुरले असते तरी किमान मर्यादा आड येते. १०० टनी यानात जंप २ चे इंजिन जंप १ च्याच जागेत आणि तेवढ्याच पैशांत मिळते, वाढते ते फक्त इंधन आणि थोडीशी वीज. खेळातल्या प्रसिद्ध १०० टनी स्काउट यानाला जंप २ का असतो, हे या एका सूत्रातून उमगते. शीट स्वतः करण्याचा आनंद मला अशा ठिकाणी सर्वांत जास्त मिळतो.

वीज: बेरीज करायची की मोठा आकडा घ्यायचा?

यानाच्या मूलभूत यंत्रणांना एकूण टनांच्या २० टक्के वीज लागते, मॅन्युव्हर ड्राइव्हला १० टक्के गुणिले थ्रस्ट आणि जंप ड्राइव्हला १० टक्के गुणिले जंप. मचव्यासाठी हे आकडे ४०, २० आणि ४० होतात. त्यात नागरी दर्जाच्या सेन्सरची १, फ्युएल प्रोसेसरच्या २ टनांची २ आणि दहा लो बर्थची १ मिळवली की सगळे मिळून १०४ होतात.

पण व्यापारी यान जंप घेताना मॅन्युव्हर ड्राइव्ह चालवत नाही. म्हणून त्या दोन ओळींची बेरीज न करता त्यांतला मोठा आकडा धरावा:

=बी२*०.२+मॅक्स(बी२*०.१*बी४, बी२*०.१*बी३)+बाकीच्या ओळी

आता गरज ८४ वर येते. तंत्रपातळी (तंत्रज्ञान किती प्रगत आहे ते सांगणारा आकडा) १२ चा फ्यूजन पॉवर प्लांट टनाला १५ एकके वीज देतो आणि टनाला १ दशलक्ष घेतो. १०४ साठी ७ टन लागले असते, ८४ साठी ६ पुरतात. एक टन आणि दहा लाख क्रेडिट वाचले. लढाऊ यानाला मात्र ही काटकसर लागू करू नये. तिथे पळता पळता तोफा चालवाव्या लागतात आणि निसटण्यासाठी जंपही त्याच घाईत घ्यावा लागतो, त्यामुळे सरळ बेरीज करणेच शहाणपणाचे. निवडींमध्ये 'व्यापारी की लढाऊ' अशी एक ओळ ठेवून इफ या फंक्शनने दोन सूत्रांपैकी योग्य ते लावता येते.

पॉवर प्लांट मी नेहमी पूर्ण टनांत घेतो, म्हणून त्याच्या जागेला राउंडअप लावावा. हा राउंडअप फक्त तिथेच आणि इंधनाच्या ओळीत असावा. प्रत्येक ओळीला लावत सुटले तर लहान यानात विनाकारण दोन-तीन टन बुडतात.

इंधन आणि बाकीचे भाग

जंपसाठी यानाच्या १० टक्के गुणिले जंप इतके इंधन लागते, मचव्यात ४० टन. पॉवर प्लांटला चार आठवड्यांसाठी स्वतःच्या आकाराच्या १० टक्के, पण किमान १ टन. म्हणजे यानाचा पाचवा हिस्सा फक्त हायड्रोजनने भरलेला, आणि एका जंपमध्ये ती टाकी रिकामी. व्यापारी यानांचे अर्थकारण या एका ओळीवर अवलंबून असते.

ब्रिजचा, म्हणजे यान चालवण्याच्या कक्षाचा, आकार टप्प्यांनी वाढतो: १०० ते २०० टनांच्या यानाला १० टन, २०१ ते १००० ला २० टन, १००१ ते २००० ला ४० टन. अशा कोष्टकासाठी व्हीलुकअप वापरावे. कोष्टकाच्या पहिल्या स्तंभात प्रत्येक टप्प्याची खालची मर्यादा, म्हणजे १००, २०१, १००१ अशी, चढत्या क्रमाने लिहावी आणि सूत्राचा शेवटचा भाग ट्रू ठेवावा, म्हणजे दिलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून लहान मर्यादांपैकी सर्वांत मोठी मर्यादा असलेली ओळ उचलली जाते. तिथे २०१ च्या जागी २०० लिहिले तर २०० टनी यानाला निमूटपणे २० टनांचा ब्रिज मिळेल आणि कुठेही त्रुटीचा संदेश दिसणार नाही. याउलट सेन्सरसारखे भाग नावाने शोधताना शेवटचा भाग फॉल्स हवा. ब्रिजची किंमत दर १०० टनांना अर्धा दशलक्ष.

संगणकाला जागा लागत नाही, पण जंप २ चे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर चालवायला १० क्षमतेचा संगणक हवा. तो १ लाख ६० हजारांना आणि सॉफ्टवेअर २ लाखांना येते. नागरी सेन्सर १ टन आणि ३ दशलक्ष. स्टेटरूम ४ टन व अर्धा दशलक्ष, लो बर्थ अर्धा टन व ५० हजार. सामाईक वावराची जागा स्टेटरूमच्या एकूण टनांच्या पाव पट धरण्याचा प्रघात आहे आणि तिची किंमत टनाला १ लाख. फ्युएल प्रोसेसरचा एक टन दिवसाला २० टन इंधन शुद्ध करतो आणि ५० हजारांना पडतो.

जागेच्या गटाची बेरीज आता १३२ येते आणि मालासाठी ६८ टन उरतात. एकूण किंमत ५५.४६ दशलक्ष, म्हणजे ५ कोटी ५४ लाख ६० हजार क्रेडिट. तुमच्या शीटमध्ये हेच आकडे आले नाहीत तर पुढे जाऊ नये, ओळीमागून ओळ ताडून पाहावी.

शेजारी दोन स्तंभ उघडा

बी स्तंभ सी आणि डी मध्ये चिकटवून सी३ मध्ये १ आणि डी३ मध्ये ३ घालावेत. संगणक आणि त्याचे सॉफ्टवेअरही जंपप्रमाणे बदलावे. जंप १ च्या यानात मालाला ९४ टन उरतात, जंप २ मध्ये ६८ आणि जंप ३ मध्ये ४२. जंपचा एकेक आकडा वाढवायला २६ टन माल मोजावा लागतो. हे तीन आकडे एका ओळीत शेजारी दिसणे हेच या सगळ्या खटाटोपाचे फळ आहे, आणि 'आपल्याला लांबचा पल्ला हवा की मोठा माल' हा खेळाडूंमधला वाद त्या ओळीसमोर बसून फार चांगला होतो.

त्याखाली हप्त्याची ओळ घालावी. कर्जाने घेतलेल्या यानाच्या किमतीचा २४० वा हिस्सा दरमहा, असा ४० वर्षे भरायचा असतो. मचव्याचा हप्ता २ लाख ३१ हजार ८३ क्रेडिट येतो. जंपला साधारण एक आठवडा लागतो आणि बंदरात एक आठवडा जातो, म्हणून महिन्याला दोन फेऱ्या धराव्यात. दोन पार्सेकच्या फेरीला मालाचे भाडे टनाला १६०० क्रेडिट असते, त्यामुळे ६८ टनांचे महिन्याला २ लाख १७ हजार ६०० मिळतात. हप्ताही सुटत नाही, मग पगार, इंधन आणि देखभाल दूरच.

आता बी५ मध्ये १० च्या जागी ९ घालून पाहावे. एक स्टेटरूम आणि तिच्या वाट्याची सामाईक जागा मिळून ५ टन मोकळे होतात, माल ७३ टनांवर जातो, भाडे २ लाख ३३ हजार ६०० होते आणि हप्ता उतरून २ लाख २८ हजार ५८३ वर येतो. एका खोलीच्या फरकाने मालाच्या भाड्यातून हप्ता निघू लागतो. अर्थात त्या खोलीतला प्रवासी किती भाडे देऊन गेला असता, हेही पाहायला हवे. प्रवासी भाड्याची ओळ आपल्या आवृत्तीच्या दरांनी स्वतः जोडावी, हा या शीटवरचा पहिला स्वाध्याय समजावा.

कधी प्रश्न उलटा येतो: १०० टन माल बसायलाच हवा, तर यान केवढे घ्यावे? इथे बी२ मध्ये मालावर आधारलेले सूत्र घालू नये. माल यानाच्या आकारावर आणि आकार मालावर अवलंबून राहिला की शीट चक्राकार संदर्भाची तक्रार करते. एक्सेल आणि लिब्रेऑफिसमध्ये यासाठी गोल सीक ही, हवे ते उत्तर सांगून त्यासाठीचा आकडा शोधून घेण्याची सोय आहे, पण राउंडअप आणि ब्रिजचे टप्पे असल्यामुळे ती कधीकधी अडखळते. त्यापेक्षा शेजारच्या स्तंभांत २४०, २६०, २८० असे आकार घालून पाहणे सोपे पडते आणि २०० ओलांडताच ब्रिज कसा दुप्पट होतो तेही डोळ्यांसमोर येते.

शीट इतरांच्या हाती देण्यापूर्वी

जंपच्या सेलला डेटा व्हॅलिडेशन लावून ० ते ६ एवढेच पर्याय द्यावेत. मालाची ओळ ऋण झाल्यास लाल होईल असे कंडिशनल फॉरमॅटिंग करावे. तंत्रपातळीची एक ओळ असावी, कारण जंप १ ला पातळी ९ लागते, जंप २ ला ११, आणि तिथून पुढे जंप ३ ला १२ पासून जंप ६ ला १५ पर्यंत ती एकेकाने चढते. ज्या ग्रहावरच्या गोदीत यान बांधायचे त्याची पातळी कमी असेल तर शीटने तसे सांगायला हवे. पिवळे सेल सोडून बाकीचे शीट प्रोटेक्ट करावे.

शेवटी छापील यानाशी पडताळणी करावी. १०० टन, जंप २, थ्रस्ट २ घातल्यावर जंप ड्राइव्ह १० टन आणि मॅन्युव्हर ड्राइव्ह २ टन आला पाहिजे. स्काउटच्या पानावर हेच आकडे आहेत. पॉवर प्लांटमध्ये फरक दिसला तर आधी आपण धरलेले सेन्सर आणि प्रोसेसर पुस्तकातल्याशी जुळतात का ते पाहावे, सूत्राला हात त्यानंतर लावावा. पडताळणी झालेली प्रत 'मूळ' या नावाने वेगळी जपावी आणि प्रत्येक नव्या यानासाठी तिचीच नक्कल काढून काम सुरू करावे.